अरवलीच्या पायथ्याशी गुराब

जयपूरला समुद्र नाही. त्यामुळे इथे कुणी लाकडी जहाजांचे नमुने बनवण्याचा छंद धरला, की ऐकणारा आधी हसतो आणि मग "पाण्यात सोडणार कुठे, जलमहालात?" असे विचारतो. मात्र सवाई जयसिंगांनी १७२७ साली या शहराचा पाया घातला, तेव्हा तिकडे कोकणात सरखेल कान्होजी आंग्रे हयात होते आणि इंग्रज, पोर्तुगीज दोघांनाही समुद्रावर पुरून उरत होते. जयगडावरची जयबाण तोफ ओतली गेली तीही त्याच सुमारास, १७२० साली. ती तोफ आजही पाहता येते. कान्होजींची एक गुराबही आज पाहायला मिळत नाही.

नमुना बनवायचा प्रश्न इथूनच सुरू होतो. बाजारात मिळणारे बहुतेक "मराठा युद्धनौका" म्हणवणारे शोभेचे नमुने पाहिले, तर ती सरळ सरळ युरोपियन गॅलिऑन असतात. उंच पिछाडी, तीन डोलकाठ्या, चौकोनी शिडांचे थर, आणि वर भगवा झेंडा. झेंडा काढला तर जहाज स्पेनचे! कॅलेंडरवरच्या चित्रांचेही तेच. अभिमानाने दिवाणखान्यात ठेवलेली वस्तू निदान आपली तरी असावी, असे आम्हा तांत्रिक माणसांना वाटते.

मग खरी गुराब कशी होती? शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत जहाजबांधणीला हात घातला. सुरुवातीला पोर्तुगीज कारागीर कामावर होते. त्यांचा म्होरक्या रुई लैताँव व्हिएगश. मराठ्यांचे आरमार उभे राहिले तर ते उद्या आपल्यावरच येईल, हे पोर्तुगीज सरकारने ओळखले आणि ही माणसे फोडली. ती काम सोडून निघून गेली. पुढचे काम स्थानिक सुतारांनी केले, आणि १६६५ च्या फेब्रुवारीत बसरूरच्या स्वारीला लहानमोठी ८५ गलबते व ३ मोठी जहाजे निघाली. साताठ वर्षांत एवढी मजल! आमच्या खात्यात कधी कधी एका पुलाची मंजुरी यायला तेवढा काळ जातो.

हे सुतार कागदावर नकाशा काढून काम करीत नसत. माप डोक्यात, हातात आणि दोरीत. केरळात बेपूरला आजही 'उरू' नावाची मोठी लाकडी जहाजे याच पद्धतीने, मेस्त्रीच्या अंदाजावर बांधली जातात. शिवाय फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. पेशव्यांच्याच संगनमताने आलेल्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या तोफांचा एक गोळा एका जहाजावर पडून आग लागली आणि ती एकातून दुसऱ्यात पसरत गेली. नानासाहेब पेशव्यांचे हे राजकारण बरोबर की चूक, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला आहे. नमुना बनवणारा मात्र एवढेच म्हणेल की घरातले भांडण सोडवायला बाहेरचा बोलावला आणि त्याने घरच जाळले.

वाचकहो, त्यामुळे आपल्या जहाजांचे सर्वांत उपयोगी वर्णन शत्रूच्या पंगतीतल्या माणसाचे आहे. रॉबर्ट ऑर्म हा इंग्रज इतिहासकार. तो लिहितो त्याचा आशय असा. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीनवाली सुमारे ३०० टनांची, दोनवाली १५० टनांच्या आतली. पाण्यात फार खोल न बसणारी आणि लांबीच्या मानाने खूप रुंद, मधून पुढे निमुळती होत जाणारी. पुढच्या टोकाला युरोपियन जहाजासारखा फुगीर भाग नसून भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब पुढे आलेली नाळ. या नाळेच्या वरून मारा करतील अशा ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा समोर तोंड करून, आणि बाजूंना ६ ते ९ पौंडी. गलबत म्हणजे त्याच घडणीची लहान, वल्ह्यांची नौका. मोठ्यात मोठे ७० टनांचे, ४० ते ५० वल्ही, वेग ताशी चार मैल. मोठ्या डोलकाठीला एकच प्रचंड तिकोनी शीड.

आता या आकड्यांकडे नीट पाहा. उथळ तळ कशासाठी? खाडीत शिरण्यासाठी, जिथे इंग्रजांची खोल जहाजे येऊच शकत नाहीत. तोफा समोर कशासाठी? शत्रूच्या पाठीमागून जाऊन मारा करण्यासाठी, कारण त्याच्या तोफा मुख्यतः दोन्ही बाजूंना. आणि वारा पडला की गलबते वल्ही मारत गुराबेला ओढून नेत. संपूर्ण युद्धनीती त्या आकारात आहे. उंच पिछाडीचे गॅलिऑन बनवून ठेवले तर हे सगळे पुसले जाते. म्हणून हा प्रश्न मला शोभेचा वाटत नाही.

लाकडाबद्दल मात्र आपल्याच माणसाचा शब्द आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमारासाठी सागवान राज्यातल्या जंगलातून परवानगीने तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावे. तीनशे वर्षांपूर्वीचे हे स्टोअर्स आणि पर्यावरण असे दोन्ही खात्यांचे परिपत्रक आहे!

इंग्रजांचे उलट. त्यांच्याकडे सतराव्या शतकापासून नौदलाच्या जहाजांचे मापात नमुने बनत, फुटाला पाव इंच म्हणजे १:४८ या प्रमाणात. त्यातले कितीतरी ग्रीनिचच्या संग्रहालयात सुखरूप आहेत. आणि नकाशाशिवाय त्यांचे पान हलत नसे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांना 'ट्रिंकोमाली' हे जहाज बांधायचे होते. त्याचे नकाशे घेऊन येणारे 'जावा' जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हाती पडले. नव्या प्रती येईपर्यंत काम थांबले आणि जहाज पाण्यात उतरले १८१७ साली. मलबारी सागवानाचे ते जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. नकाशा आणि साग, दोन्ही होते म्हणून टिकले.

आमच्या रेल्वे मंडळींसाठी एक गंमत. रुळाला सरळ रेषेतून वळणात हळूहळू नेणारा ट्रान्झिशन कर्व्ह आपण शिकलो. त्यावर सुरुवातीचे काम करणाऱ्यांपैकी एक विल्यम फ्राऊड, ब्रुनेलच्या हाताखाली रेल्वेतच होता. हाच गृहस्थ पुढे जहाजांकडे वळला आणि १८७२ मध्ये टॉर्की येथे हौदात मेणाचे नमुने ओढून प्रयोग करू लागला. नमुन्याचा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यावा, हा त्याचा नियम. म्हणजे ताशी चार मैल जाणाऱ्या गलबताचा १:५० नमुना सेकंदाला सुमारे २५ सेंटीमीटर वेगाने ओढला, की त्याच्या लाटा खऱ्यासारख्या उठतात. मोठ्या टबात हे करून पाहता येते. मुलांना फार आवडते.

जुने जहाज चित्रावरून उभे करता येते याचा ताजा दाखला गोव्यात झाला. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकाच्या सुमाराच्या जहाजाच्या चित्रावरून रत्नाकर दांडेकर यांच्या होडी इनोव्हेशन्समध्ये, केरळचे मेस्त्री बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाज बांधले गेले. मूळ नकाशा नसल्यामुळे आकाराची परीक्षा आयआयटी मद्रासमध्ये नमुन्यावर झाली. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. एका भित्तिचित्रावरून एवढे होते, तर ऑर्मचे आकडे हाती असताना गुराब का होऊ नये?

हौशी माणसाने आधी गलबत घ्यावे, गुराब नंतर. युरोपियन किटमध्ये आधी फासळ्या उभ्या करून त्यांवर फळ्या चढवतात. आपल्या मेस्त्रींची पद्धत उलटी: तळाचा पठाण टाकायचा, फळ्या जोडत कवच वर आणायचे आणि आतून फासळ्या बसवायच्या. हे अवघड आहे, पण आकार खरा येतो. साग इथे महाग पडतो. रोहिड्याला 'मारवाडचा साग' म्हणतात ते उगीच नाही. कोरीव कामाला तो उत्तम, नाळेसाठी वापरावा. मे महिन्यातल्या हवेत फळ्या आक्रसून फटी पडतात, म्हणून चिकटवण्याचे काम श्रावणापर्यंत थांबवलेले बरे. गलबताचा वरचा डेक ऑर्म म्हणतो तसा चिरलेल्या बांबूचा, त्याला जुनी चटई चालते. वल्ह्यांसाठी बाजारात जायची गरज नाही. उत्सव संपल्यावर आपल्या मंडपात उदबत्तीच्या काड्या भरपूर उरतात, आणि एका गलबताला पन्नास लागतात.