हतबलतेची सामाजिक मुळे : पालघर आणि बोईसर-तारापूर

आत्महत्येच्या प्रवृत्तीचा अभ्यास करताना जोखीम घटकांचा, म्हणजे एकट्याने कारण न ठरता एकमेकांच्या जोडीने धोका वाढवणाऱ्या बाबींचा, विचार केला जातो; त्यांत नैराश्य व व्यसनाधीनता यांसारखे मानसिक विकार येतात, तसेच कर्ज, बेकारी, कौटुंबिक कलह आणि एकाकीपणाही येतो. यांपैकी सामाजिक घटक पिढ्यान्‌पिढ्या कसे साचतात आणि कशाने सैल होतात, हे महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात लग्नासाठी घेतलेले कर्ज फिटेपर्यंत वारली आदिवासी नवरा-बायकोने सावकाराकडे राबायचे, अशी ‘लग्नगडी’ पद्धत होती आणि तिच्या जोडीला वेठ, म्हणजे जमीनदाराचे सक्तीचे बिनमोबदला काम, होते. कर्ज फिटण्याची आशाच नसल्यामुळे हतबलता ही अशा घरांची नित्याची स्थिती बनली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभा या शेतकरी संघटनेने २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरवली, तेव्हा एकेका घराने मुकाट्याने सोसलेले दुःख सामूहिक मागणी झाले. एकाकीपणा मोडणाऱ्या अशा संघटनेस आजचे अभ्यासक संरक्षक घटक म्हणतील.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येचा संबंध समाजाशी असलेले बंध विरण्याशी आणि अचानक बदलात जीवनाला वळण देणारे नियम ढासळण्याशी जोडला होता. या दृष्टीने १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूर अणुऊर्जा केंद्र आणि बोईसरलगतची औद्योगिक वसाहत यांचा काळही तपासण्याजोगा आहे, कारण केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना जागा सोडावी लागली, तर कारखान्यांत आलेले परप्रांतीय मजूर घरापासून दूर, भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. मजुरांपुढील हा धोका देशाच्या आकडेवारीतही दिसतो : २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार देशात आत्महत्या केलेल्यांपैकी २६.४ टक्के लोक रोजंदारीवरचे होते.

कायद्याने मात्र दीर्घकाळ व्यक्तीलाच दोषी मानले : १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले, तरी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते वैध मानले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असे गृहीत धरून तिच्या उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. उपचारांची सोय मात्र दूरच राहिली : १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर ठाण्यापासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला, तरी १९०१ मध्ये स्थापन झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्यातच राहिले. २०२२ पासून ‘टेली मानस’ या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशनही मिळू लागले. परंतु जिल्ह्याचा पूर्वेतिहास लक्षात घेता कर्जमुक्ती, खात्रीचे काम आणि विस्थापितांचे नीट पुनर्वसन यांचाही आत्महत्या-प्रतिबंधात समावेश करावा लागेल, कारण समुपदेशकाशी बोलून मन हलके झालेला मजूर परत जातो तो त्याच परिस्थितीत.