दाई हटवली, विषमता राहिली

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय दाईंचा इतिहास आम्ही दयेपोटी वाचत नाही. ज्ञान कष्टकरी बाईच्या हातात असले की ते 'अडाणीपणा' ठरते आणि सत्तेच्या हातात गेले की 'शास्त्र' होते, याचा तो पुरावा आहे.

गुलामगिरीत दक्षिणेकडच्या मळ्यांवर गुलाम बायांचीच नव्हे, तर मालकिणींचीही बाळंतपणे काळ्या दाई करत. त्याच काळात, १८४० च्या दशकात, अलाबामात डॉ. मॅरियन सिम्सने अनार्का, बेट्सी, ल्युसी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. 'स्त्रीरोगशास्त्राचा जनक' हा मान मात्र त्याला मिळाला.

१९१५ मध्ये डॉ. जोसेफ डीली यांनी दाईला रानटीपणाचा अवशेष ठरवले. १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्यानंतर दाईंना प्रशिक्षण मिळाले, पण सोबत परवाने आणि पिशव्यांची झडतीही आली. डॉक्टर मात्र काळ्या वस्तीत पोचला नाही. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने तर वर्णभेद पाळणाऱ्या दवाखान्यांनाही सरकारी पैसा दिला. दवाखान्याचे दार बंद होते, तोवर दाई चालली. साठच्या दशकात दार उघडले आणि दाई नकोशी झाली. अलाबामाने १९७६ च्या कायद्याने, नर्सचे शिक्षण नसलेल्या दाईंचा रस्ता बंद केला. हजारो बाळंतपणे केलेल्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ याच राज्यातल्या.

औषधे, रक्तपुरवठा आणि शस्त्रक्रिया यांनी जीव वाचले, हे आम्ही नाकारत नाही. पण विषमतेचे कारण दाई असती, तर ती गेल्यावर दरी मिटायला हवी होती. २०२१ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या माता २६.६. दोष दाईत नव्हता, वर्णव्यवस्थेत होता.

आपल्याकडे नाळ कापणे 'विटाळ' मानून अनेक भागांत ते काम दलित बाईवर लादले गेले. म्हणून दाईपणाचे गोडवे गाऊन आपले भागणार नाही. जातीने लादलेले काम परंपरा म्हणून मिरवायचे नसते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रीच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तो हक्क म्हणून. उपकार म्हणून नव्हे.

आमची मागणी तीच आहे: आईला सन्मानाने उपचार, आशाताई-नर्सताईंना पुरेसे वेतन, आणि आपल्या मुली प्रसूतिगृहात केवळ झाडू घेऊन नव्हे, तर डॉक्टर म्हणूनही.

जयभीम!