वर्षअखेरचें एक पत्र



डिसेंबर महिना संपत आला कीं माझ्या घरीं मुंबईहून एक पत्र येतें. पाठविणारा माझा जुना विद्यार्थी. वाटूरच्या शाळेंत तो माझ्यापाशीं चौथीपर्यंत शिकला. पुढें विज्ञानाची पदवी घेऊन आणि सरकारी परीक्षा देऊन तो पेटंट एजंट झाला. दुसऱ्यांनीं लावलेले शोध कायद्याच्या भाषेंत मांडणें आणि कचेरींत त्यांचा हक्क नोंदवून घेणें हा त्याचा व्यवसाय. गांवांत कोणी विचारलें तर, "तो शोधांचे कागद करतो," एवढेंच मी सांगतों. जमिनीच्या कागदांपायीं ज्यांच्या दोन-दोन पिढ्या परतूरच्या तहसिलींत झिजल्या, त्यांना तेवढ्यानें पुरेसा उलगडा होतो.

त्याच्या पत्रांत नववर्षाच्या शुभेच्छा असतात. आपलें वर्ष पाडव्याला सुरू होतें हें त्याला मींच शिकविलें होतें; पण कचेऱ्यांचें वर्ष निराळें. शुभेच्छांखालीं सरत्या वर्षाचा आढावा असतो. कोणता खटला निकालीं निघाला, कोणता नियम बदलला, कोणत्या औषधाची मुदत संपली. या व्यवसायांतील मंडळी एकमेकांस व आपल्या अशिलांस अशीं पत्रें धाडतात, अशी रीतच आहे म्हणे. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. पहिलीं दोन-तीन वर्षें त्यांतलें मला फारसें उमगलें नाहीं. मग इतिहास शिकविणाऱ्या मास्तराची खोड जागी झाली आणि मीं साऱ्या तारखा एका कागदावर मांडल्या. तेव्हां एक गंमत दिसून आली. आपल्या देशांतील पेटंटच्या कायद्याच्या पुष्कळ मोठ्या घडामोडी वर्ष सरतां सरतां, किंवा नवें वर्ष उजाडतां उजाडतां झाल्या आहेत.

आधीं शब्दाविषयीं थोडें. इंग्लंडचा राजा कांहीं सनदा न मिटतां, मोहोर लोंबती ठेवून, सर्वांनीं वाचाव्या अशा देत असे. त्यांस ‘उघडीं पत्रें’ म्हणत. पेटंट या शब्दाचें मूळ उघडें असणें या अर्थाच्या लॅटिन धातूंत आहे. सरकारी मराठींत त्याला ‘एकस्व’ म्हणतात. मला विचाराल तर ‘सनद’ हा शब्द अधिक जवळचा. व्हेनिसच्या नगरराज्यानें १४७४ सालीं शोधकांसाठीं कायदा केला. इंग्लंडांत १६२४ सालच्या कायद्यानें राजाच्या मर्जींतल्या लोकांचे मक्ते मोडून काढले आणि केवळ नव्या कृतीच्या शोधकास १४ वर्षांचा मक्ता ठेवला. चौदाच कां? कारागिराच्या हाताखालीं उमेदवारी सात वर्षांची असे; उमेदवारांच्या दोन फळ्या शिकून तयार होतील एवढा तो काळ, असा त्याचा उलगडा करितात. शोधकानें आपली युक्ति उघड मांडावी, राज्यानें त्याला कांहीं वर्षें मक्ता द्यावा, आणि मुदत संपली कीं ती युक्ति सर्वांची व्हावी, असा हा सौदा आहे.

हिंदुस्थानांत हा सौदा १८५६ सालीं आला. पहिला अर्ज ३ मार्च १८५६ चा. कलकत्त्याचे इंजिनिअर जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांचा. शोध कशाचा, तर पंखा ओढण्याच्या यंत्राचा! साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा दोरीनें ओढणाऱ्या माणसाचें त्यामुळें पुढें काय व्हावयाचें होतें, तें त्या अर्जांत कोणी लिहिलें नसणार. तो कायदा इंग्लंडच्या राणीची संमति न घेतां केला होता म्हणून १८५७ सालीं रद्द झाला, आणि १८५९ सालीं पुन्हा नवा करावा लागला. त्यानंतरचा मोठा कायदा १९११ चा. तो १ जानेवारी १९१२ पासून अमलांत आला. आमचें वाटूर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें.

या काळांत मराठी माणूस या क्षेत्रांत नव्हता असें नाहीं. मुंबईस १८६७ सालीं जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांचें नांव आज पाठ्यपुस्तकांतही क्वचितच आढळतें. छापखान्याचे खिळे झपाट्यानें ओतणारें यंत्र त्यांनीं रचलें, दादाभाई नौरोजींनीं त्यांना लंडनमध्यें आधार दिला. तरी त्या यंत्राचा कारखाना मनासारखा उभा राहिला नाहीं. भिसे अखेर अमेरिकेंत गेले आणि १९३५ सालीं न्यूयॉर्कमध्यें वारले. हक्काचा कागद हातीं असणें आणि त्याच्या जोरावर धंदा उभा राहणें यांत केवढें अंतर आहे, हें मला त्यांच्या चरित्रावरून कळलें.

स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं बक्षी टेकचंद यांची आणि पुढें न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांची चौकशी झाली. अय्यंगारांचा १९५९ चा अहवाल सांगतो कीं, भारतांतलीं शंभरांपैकीं ऐंशी-नव्वद पेटंटें परदेशीयांच्या हातीं होतीं, आणि त्यांतलीं नव्वदांहून अधिक येथें कधीं वापरांतही आणलीं जात नव्हतीं. कुलूप आमच्या दाराला आणि किल्ली परगांवीं, असा तो प्रकार. म्हणून १९७० चा कायदा झाला. तो २० एप्रिल १९७२ पासून चालू झाला. औषधें व खाद्यपदार्थ यांच्यावर पेटंट नाहीं, तें बनविण्याच्या रीतीवर तेवढें, आणि तेंही फार तर सात वर्षें. एकच औषध निराळ्या रीतीनें करण्याची मोकळीक मिळाली आणि स्वस्त औषधांचे कारखाने उभे राहिले.

आतां त्या वर्षअखेरच्या तारखा. जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ रोजीं सुरू झाली. तिच्या करारानें औषधांवर पुन्हा पेटंट देणें भाग होतें. आदल्या दिवशीं, ३१ डिसेंबर १९९४ रोजीं, वटहुकूम निघाला. तो टिकला नाहीं. त्याच्या जागीं यावयाचें विधेयक राज्यसभेंत अडकलें व लोकसभा विसर्जित होतांच बुडालें. अमेरिकेनें फिर्याद केली आणि जिनिव्हाच्या अपील मंडळाचा निकाल भारताच्या विरुद्ध लागला. तारीख १९ डिसेंबर १९९७. अखेरची मुदत १ जानेवारी २००५ ची होती, आणि वटहुकूम निघाला २६ डिसेंबर २००४ रोजीं. त्याच दिवशीं सकाळीं त्सुनामीनें तामिळनाडूचा किनारा आणि अंदमान धुऊन नेलें. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत त्या वटहुकुमाकडे कोणाचें लक्ष जाणार? दिवाळीच्या सुटींतला गृहपाठ शेवटच्या रात्रीं करणारीं मुलें मीं जन्मभर पाहिलीं. राज्यकारभारही पुष्कळदां तसाच चालतो, हें मला उतारवयांत समजलें.

पण या तारखांशीं माणसांचें जगणें बांधलेलें असतें. मूत्रपिंडाच्या व यकृताच्या कर्करोगावरील एका औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. माझा तेव्हांचा आठ-नऊ महिन्यांचा पगार! कायद्यांत सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे. तिच्या आधारें ९ मार्च २०१२ रोजीं पेटंट नियंत्रकांनीं हैदराबादच्या एका कंपनीला तेंच औषध ८,८०० रुपयांत विकण्याची मुभा दिली. पुढच्या वर्षीं, १ एप्रिल २०१३ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्या एका औषधाविषयीं निर्णय दिला कीं, जुन्याच द्रव्याचा केवळ नवा प्रकार काढल्यानें नवा मक्ता मिळत नाहीं. गुण वाढल्याचें सिद्ध झालें पाहिजे. विद्यार्थ्याच्या त्या वर्षींच्या पत्रांत आनंद थोडा आटोपशीर होता. त्याचे अशील दोन्ही बाजूंचे असतात.

मला सर्वांत भिडली ती हळदीची गोष्ट. २८ मार्च १९९५ रोजीं अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालें. विषय: जखम भरून येण्यासाठीं हळदीचा उपयोग. शोधक म्हणून नोंदलेले दोघेही मूळचे भारतीयच. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें १९९६ सालीं हरकत घेतली. परिषदेचे तेव्हांचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यांतील माशेल गांवीं जन्मलेले, मुंबईंत गरिबींत वाढलेले. आणि त्यांची जन्मतारीख १ जानेवारी १९४३! पुढें त्यांच्याच अध्यक्षतेखालील एका समितीनें डिसेंबर २००६ मध्यें पेटंटविषयीं दिलेला अहवाल, त्यांतला कांहीं मजकूर दुसऱ्याच्या लेखनाशीं जुळतो असें उघड झाल्यावर, परत घ्यावा लागला. तेंही येथें सांगितलें पाहिजे. पण हळदीचें श्रेय त्यानें उणें होत नाहीं.

अडचण कोठें होती? हळद जखमेवर लावतात हें आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक. परंतु अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणें परदेशांत लोक एखादी गोष्ट नुसती वापरतात हा पुरावा होत नसे. ती कोठें तरी छापलेली दाखवावी लागे. कोट्यवधि बायांच्या हाताला पिवळा रंग लागलेला असून त्याची साक्ष चालेना. परिषदेनें संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतून ३२ दाखले काढले. कांहीं शंभर वर्षांहून जुने. १९५३ सालीं इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत आलेला एक लेखही त्यांत होता. १९९७ सालीं पेटंट रद्द झालें. पुढें २००१ पासून आपल्या पारंपरिक ज्ञानाचा कोश पांच परदेशी भाषांत तयार होऊं लागला, तो या धड्यामुळेंच. अमेरिकेनें तो नियम २०१३ पासून बदलला.

ही हकीकत लिहून माझ्या विद्यार्थ्यानें खालीं थट्टेनें विचारलें होतें: "गुरुजी, आपल्या शाळेंत तुम्ही आमच्या गुडघ्यांना हळद लावीत होतां. त्याची कोठें नोंद आहे काय?"

मीं शाळेंत जाऊन जुनी नोंदवही मागून घेतली. माझेंच अक्षर. १९९५ च्याच पावसाळ्यांतली नोंद: ‘खेळतांना मुलास दुखापत. प्रथमोपचार करून घरीं पाठविलें.’ अशा नोंदी वर्षभरांत सात-आठ. प्रत्येक वेळीं शेजारच्या आजीबाई वाटींत हळद घेऊन धांवत येत आणि चिमटीनें जखमेंत दाबून बसवीत. त्या सगळ्याला मीं ‘प्रथमोपचार’ हा शब्द घातला, कारण तपासणीला येणाऱ्या साहेबांपुढें हळद लिहिणें मला कमीपणाचें वाटलें. मुलांना मीं तीस-पस्तीस वर्षें शुद्धलेखन शिकविलें, आणि स्वतः मात्र खरी गोष्ट लिहिली नाहीं.

त्यानंतर मीं दोनशें पानांची वही आणली आणि गांवांतल्या वडीलधाऱ्या बायांकडे जाऊन बसूं लागलों. पहिल्या दिवशीं एक जणी हंसून म्हणाली, "ह्यात काय लिव्हायचं, गुरजी? हे तर समद्यालाच ठावं हाय." ज्या आजीबाई हळद घेऊन येत त्या तोंवर वारल्या होत्या. त्यांना ठाऊक असलेल्या पुष्कळ गोष्टी सुनेला आठवेनात.

गेल्या वर्षीं मीं त्या वहीविषयीं विद्यार्थ्याला कळविलें. त्याचें उत्तर आलें: "गुरुजी, हस्तलिखित वही कपाटांत असून भागत नाहीं. कोणालाही पाहतां येईल असें तें छापून प्रसिद्ध व्हावें लागतें, आणि त्यावर तारीख लागते." आजचें हें भाषण मासिकांत छापलें जावयाचें आहे. तेव्हां श्रोत्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊन, त्यांच्या परवानगीनें, वहींतली पहिली नोंद वाचतों.

‘वाटूर, तालुका परतूर, जिल्हा जालना. मुका मार लागून सूज आली असतां हळद व खावयाचा चुना पाण्यांत कालवून, पळींत गरम करून, सोसवेल इतका ऊन लेप सुजेवर लावतात. जखम उघडी असल्यास चुना घालीत नाहींत, नुसती हळद दाबतात. सांगणारीचें वय ७६. तिला तिच्या सासूनें सांगितलें.’