खर्ज

१९७८ साली दहावी झाली अन् मी गावच्या भजनात उभा राहिलो. तेव्हा देवणी उदगीर तालुक्यात, जिल्हा उस्मानाबाद. भजनाला माईक नव्हता. शेवटच्या माणसाला ऐकू जायचं तर पट्टी उंच लागायची. पेटीवाला काळी चार धरायचा, कधी पांढरी पाच. वारकरी भजनाची ही जुनी रीत. माईक नव्हते तेव्हा संगीत नाटकातले नटही असेच उंच गात. खालचे सूर पहिल्या रांगेतच विरायचे, मग ते घोटणार कोण?

पहिल्याच सप्ताहात माझा घसा गेला. आठव्या दिवशी मायला हाक मारली तर नुसती हवा. दोन महिने बैलालासुद्धा हाक देता येईना.

मंडळात एक म्हातारे होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांना कुण्या गवयाकडून खर्ज भरायची रीत मिळालेली. घसा सुधारल्यावर त्यांनी मला पहाटे विहिरीवर नेलं.

"लेकरा, आधी पाया भर. माळवद मागून."

झोपेतून उठल्यावर आवाज जड असतो, म्हणून पहाट. तोंड मिटून गुणगुणायचं, मग आकार. सा, नी, ध, प असं एकेक पायरी उतरायचं. एका सुरावर एक दम. मी खाली जायला हनुवटी छातीला टेकवायचो, जोर लावायचो. अण्णा कपाळावर बोट ठेवून मान सरळ करायचे.

"ढकलू नको, उतरू दे. घरघर लागली की तुझी हद्द आली. एक सूर वर ये अन् तिथंच मुक्काम कर."

पुढं वाचनात आलं, ते बरोबरच होतं. गळ्यातल्या स्वरतंतू सैल अन् जाड झाल्या की सावकाश थरथरतात, तेव्हा खालचा सूर निघतो. एक सप्तक उतरलं की कंप निम्मे होतात. जोर लावला तर गळा आवळतो. एकतारीची तार पिळून सूर उतरत नाही, सैल करावी लागते. मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या किराणा घराण्यातही राग खालच्या सुरांपासून सावकाश वाढवतात.

अण्णा गेले त्या वर्षी वरचे सूर त्यांना सोडून गेले होते. बाजेवर पडून ते खर्ज तेवढा धरायचे. आम्ही पायाशी बसून ऐकायचो.

आता माईक आलाय, तरी पोरं काळी चारमध्येच ओरडतात. परवा नातवाचा घसा बसला. बरा झाल्यावर त्याला पहाटे उठवलं.

"आबा, एवढं खालचं कुणाला ऐकू जाणार?"

"तुला," म्हणलं, "आधी तुला."