पाणी परत करायची जागा

ग्वाल्हेरच्या किल्ल्याची जन्मकथा इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. सूरजसेन नावाचा एक राजा होता, त्याला कुष्ठ झालं होतं. शिकारीत तहानेनं कासावीस होऊन तो डोंगरावर चढला. तिथे एका साधूनं त्याला कुंडातलं पाणी पाजलं आणि तो बरा झाला. मग त्यानं ते कुंड मोठं करून बांधलं, तेच सूरजकुंड, आणि त्याच्याभोवती किल्ला उभा राहिला. साधूचं नाव कोणी गालव सांगतं, कोणी ग्वालिपा. त्याच्यावरून गावाचं नाव पडलं म्हणतात. दंतकथेत खरं किती हे शोधत बसण्यात मला रस नाही. पण ज्यांनी ती रचली त्यांनी आधी पाणी सांगितलं, तट नंतर सांगितला, एवढं बघण्यासारखं आहे.

किल्ल्यावर दुसरा पुरावा दगडातला आहे. चतुर्भुज मंदिरातल्या इ. स. ८७६ च्या लेखाची कीर्ती शून्यामुळे आहे. त्यात २७० आणि ५० हे आकडे आजच्यासारखे, शून्य घालून लिहिलेले आहेत. गणिताचे लोक तेवढंच बघून खाली उतरतात. पण त्या आकड्यांचा विषय काय होता? २७० हात लांब आणि १८७ हात रुंद अशी जमीन देवाच्या फुलबागेसाठी दिली, आणि माळ्यांनी रोज ५० हार द्यायचे असं ठरलं. रोज पन्नास हार! उन्हाळ्यात इथे डोंगराचा दगड संध्याकाळीसुद्धा हाताला चटका देतो. अशा ठिकाणी बारमाही फुलं कबूल करणाऱ्यांकडे पाण्याची पक्की सोय असलीच पाहिजे. घरात चार कुंड्या जगवणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगायला नको.

सोय होतीही. सूरजकुंड, जौहर ताल, गंगोला ताल, राणी ताल आणि त्याच्या शेजारचा चेरी ताल, शिवाय अस्सी खंबा बावडी. नावं मोजताना दमायला होतं. किल्ला बांधायला दगड काढला आणि त्या खड्ड्यांत पावसाचं पाणी धरलं, असा हा दुहेरी हिशेब. डोंगराच्या पोटातल्या उरवाई खोऱ्यातही पाणी होतं. १२३२ मध्ये इल्तुतमिशनं अनेक महिने वेढा घालून किल्ला घेतला. ते पाणी किल्ल्याच्या हाती राहावं म्हणून त्यानं उरवाईला भिंत घातली, असं बाबरानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्याच उरवाईच्या कड्यात पंधराव्या शतकात, तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात, आपल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. उभे आदिनाथ सुमारे ५७ फुटांचे आहेत. १५२८ मध्ये बाबर इथे आला आणि त्या फोडायचा हुकूम दिला, हेही त्यानं स्वतःच नोंदवलं आहे. आपल्याकडे ही गोष्ट नेहमी मूर्तींपाशी येऊन थांबते. मला त्यांच्या जागा बघाव्याशा वाटतात. आग्नेयेच्या बाजूचा मूर्तिसमूह कशाच्या नावानं ओळखला जातो? ‘एक पत्थर की बावडी’च्या. म्हणजे देवाची ओळखही तिथे बावडीनं सांगितली जाते.

आता खाली उतरू. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ ठोकला. तळ तात्पुरता असतो, हा मात्र उठलाच नाही. तंबूंची घरं झाली, घरांचे वाडे झाले, आणि शहराचं नावच लष्कर पडलं. दौलतगंज, शिंदे की छावनी, पाटणकर बाजार ही नावं अजून मराठी सरदारांची आठवण देतात, दुकानांच्या पाट्या हिंदी झाल्या तरी. हजारो माणसं, घोडे, हत्ती, बैल अशा गावाला पाणी कुठलं? मधून स्वर्णरेखा नदी वाहत होती. तीच, जिच्या काठाजवळ १८५८ च्या जूनमध्ये झाशीची राणी पडली. नदीच्या वरच्या अंगाला हनुमान बांध, वीरपूर, गिरवाई, मामा का बांध अशी बंधाऱ्यांची माळ होती. पाऊस तिथे अडायचा, जमिनीत मुरायचा आणि खाली वाड्यांच्या आडांना झरे फुटायचे. कटोरा ताल, सागर ताल, जनक ताल ही त्याच कुळातली. वाड्यातली सून पहाटे राहाटावर पोहरा सोडायची तेव्हा ती चार-सहा मैलांवरच्या बंधाऱ्यातलं पाणी ओढत होती. तिला ते माहीत असो वा नसो.

इथे मला आपल्या घरातली एक गोष्ट सांगायची आहे. इतिहासाच्या पुस्तकात ती सापडत नाही, कारण ती स्वयंपाकघरातली आहे. पाणी गाळणं सगळ्यांना माहीत आहे. जाड सुती कापड, दुहेरी घडी, भांड्याच्या तोंडापेक्षा मोठं. पण गाळणं हे निम्मं काम. कापडावर जे सूक्ष्म जीव राहतात त्यांना गाळलेल्याच पाण्यानं अलगद धुवायचं आणि ते धुवण जिथून पाणी आणलं तिथेच परत सोडायचं. याला इकडे जिवानी म्हणतात, कोणी बिलछानी. वरून फेकायची नाही, जीव आपटून मरतील. तळाला कडी असलेली छोटी बादली पाण्यापर्यंत सोडायची आणि मग तिथे उलटी करायची. एका विहिरीची जिवानी दुसऱ्या विहिरीत टाकायची नाही, कारण तिथलं पाणी वेगळं, त्यात ते जीव जगणार नाहीत.

हा नियम अहिंसेचा आहे, पर्यावरणाचा विचार करून कुणी केलेला नाही, आणि उगाच तसा दावाही करू नये. पण त्यानं काय होत होतं ते बघा. प्रत्येक घरातल्या बाईला आपलं पाणी कोणत्या विहिरीचं हे माहीत असणं भाग होतं. दिवसातून दोनदा तिला त्या पाण्याच्या तोंडाशी जावं लागे, आत वाकून बघावं लागे. पाणी किती हात खाली गेलं, वास येतोय का, शेवाळ चढलंय का, कुणी कचरा टाकलाय का, हे सगळं न मोजता मोजलं जाई. माघात पाणी एरवीपेक्षा खाली दिसलं की वैशाखाची काळजी सुरू, आणि धुणं-भांड्यांचं पाणी आधीच आखडतं घेतलं जाई. आज ज्याला दुष्काळाची पूर्वसूचना म्हणतात ती तेव्हा काठावरच्या बायकांच्या बोलण्यात असायची.

म्हणून जुनं सगळं सोन्याचं होतं असं नाही. विहिरी पटकी पसरवत होत्या. १८१७ च्या नोव्हेंबरात दौलतरावांवर दबाव आणायला हेस्टिंग्जची फौज सिंध नदीच्या बाजूला येऊन बसली होती. लढाई झालीच नाही, पटकीनंच ती फौज कापून काढली. आपलं गाळणं पटकीला अडवत नाही, पाणी उकळणाऱ्यांना थोडा आसरा मिळत असेल. शिवाय त्या आडांवर कुणी पोहरा सोडायचा आणि कुणी ओंजळ पुढे करून लांब उभं राहायचं, हेही ठरलेलं होतं. जिवाला जपणाऱ्या आपल्या घरांनीही ते निमूट पाळलं. पाण्याच्या गोष्टी सांगताना हे गाळून टाकता येणार नाही.

मग छप्पन्या आला. संवत १९५६, म्हणजे १८९९–१९००. राजस्थान, गुजरात, माळवा, सगळीकडे अन्नाची नि पाण्याची दैना झाली. शिंद्यांच्या राज्याचा मोठा भाग माळव्यात होता. माधवराव शिंदे तेव्हा तरुण होते. त्यांच्या कारकिर्दीत बंधारे-तलावांची कामं मोठ्या प्रमाणावर निघाली, आणि लष्करच्या पश्चिमेला सांक नदीवर तिघरा धरण बांधलं गेलं. १९१६ मध्ये ते पुरं झालं. विश्वेश्वरय्यांनी पुण्याच्या खडकवासल्यासाठी आपोआप उघडणारे दरवाजे बनवले होते, तशाच दरवाज्यांची योजना इथेही होती. गावाला वाटलं, चिंता मिटली.

पुढच्याच वर्षी, १९१७ च्या ऑगस्टमध्ये, तिघरा फुटलं. पाणी भिंतीवरून गेलं, पायाच्या वालुकाश्मातही शिरलं, आणि भिंतीचे अजस्र तुकडे जागचे सरकले. एक दुष्काळ टाळायला बांधलेलं धरण पुराचं कारण झालं. नंतर ते पुन्हा उभं केलं, आणि आजही लष्कर त्याचंच पाणी पितं. पण १९१७ नंतर शहर तहानेनं उठून गेलं नाही, याचं कारण मला साधं वाटतं. तिघऱ्याचं पाणी अजून कुणाच्या सवयीचं झालेलं नव्हतं. वाड्यावाड्यांतले आड जिवंत होते.

पुण्याच्या वाचकांना यात पानशेत आठवेल. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासला गेलं आणि शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा पेठांतल्या विहिरी आणि पेशवाईतले हौद पुन्हा कामाला लागले. पुणेकरांनी ते बुजवले नव्हते म्हणून, एवढंच. लष्करमध्ये आज तिघऱ्याला काही झालं तर काय, हा प्रश्न मी जाणत्या माणसांना विचारते तेव्हा ते टँकरचं नाव घेतात. टँकर कुठून भरणार, हे विचारलं की विषय बदलतो.

कारण मधल्या काळात आड गेले. नळ दारात आला, त्याचं दुःख कुणा बाईला झालं नाही, मलाही नाही. ज्यांनी डोक्यावर हंडे वाहिले त्यांना विचारा. पण नळ आल्यावर विहिरीवर आधी फरशी पडली, मग फरशीवर माल, मग दुकान. पाटणकर बाजारासारख्या जुन्या वस्तीत पायांखाली किती आड झाकलेले असतील त्याचा पत्ता लागणार नाही. वरच्या बंधाऱ्यांकडे पाणी येण्याच्या वाटांवर वस्त्या झाल्या, खाणी झाल्या. स्वर्णरेखेत गटारं सोडली, आणि मग नदी सुधारायची म्हणून तिच्या तळाला नि काठांना काँक्रीट केलं. नदीच्या तळाला काँक्रीट! माठाला आतून रंग लावून पाणी गार होईल म्हणण्यासारखं हे आहे. गटारं तर आजही तिच्यात येतातच, हायकोर्टाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे त्याबद्दल सुनावण्या झाल्या आहेत. आता तिच्यावरून उन्नत रस्ता चालला आहे. नदी सावलीत राहील, ही त्यातली जमेची बाजू म्हणायची.

परिणाम घरात दिसतो. पाऊस कमी झाला की तिघरा आटतं. मग ककेटो आणि पेहसारीच्या धरणांतून त्यात पाणी आणायचं आणि गावाला एक दिवसाआड सोडायचं. २०१७ नंतरच्या एक-दोन वर्षांत हे सगळ्यांनी भोगलं. ज्यांच्याकडे गच्चीवर मोठी टाकी त्यांना एक दिवसाआड म्हणजे काय ते कळलंसुद्धा नाही. भाड्याच्या खोलीतली बाई मात्र रात्री दोनला नळाला बसली. पुढे २०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला उलटंच झालं. शिवपुरी, श्योपूर, दतियाकडे असा पाऊस झाला की सिंध नदीनं दतिया जिल्ह्यात पूल वाहून नेले, आणि आमच्या जिल्ह्यात डबरा-भितरवारकडची गावं पाण्यात गेली. हवा बदलते आहे म्हणजे काय, तर हे दोन्ही टोकांचे दिवस जवळजवळ येत आहेत. एका मोठ्या धरणाला दोन्ही टोकं सांभाळणं जड जातं. भरलं तर सोडायचं, आटलं तर मागायचं. आता चंबळेचं पाणी नळानं आणायची योजना आहे. येऊ दे. पण तेही दुरून येणारं, एकाच वाटेनं येणारं पाणी असेल.

या सगळ्यात काही विहिरी मात्र वाचल्या, आणि त्या का वाचल्या हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसले. मुनिमहाराजांच्या आणि माताजींच्या आहाराला नळाचं पाणी चालत नाही. चौका लावायचा तर विहिरीचंच पाणी हवं, गाळून उकळलेलं, आणि जिवानी परत सोडता आली पाहिजे. नळात ती कशी सोडणार? म्हणून इकडे काय आणि महाराष्ट्रात काय, कितीतरी दिगंबर जैन मंदिरांनी आणि धर्मशाळांनी आपली विहीर बुजवली नाही. चातुर्मास मिळावा म्हणून श्रीफळ चढवायला जाण्याआधी तिथली माणसं विहिरीत पाणी आहे का ते बघतात. व्रती बायका कडीची बादली अजून जपून ठेवतात. नियम पाळणारे थोडे उरले, पण त्या थोड्यांपायी विहीर उरली. मागच्या पिढीतल्या शिकलेल्या लोकांनी, त्यात आमचं घरही आलं, या नियमाला कर्मठपणा म्हणून हसून घेतलं होतं.

एक दिवसाआड पाणी होतं तेव्हा अशा विहिरींवर शेजारपाजारचे लोक यायला लागले की सगळीकडे तोच वाद उठतो: सोवळ्याचं काय? पंप लावला तर जिवानीचं काय? गर्दीनं पाणी गढूळ झालं तर चौक्याचं काय? प्रश्न खोटे नाहीत. पण त्यांना उत्तरं आहेत. सकाळी दोन तास चौक्यासाठी, नंतर विहीर सगळ्यांसाठी. आहाराचं पाणी पोहऱ्यानंच, बाकीच्यांसाठी दुसऱ्या बाजूनं दोर. मंदिराच्या छपरावरचं पावसाचं पाणी नुसतं पन्हाळीतून गटारात जातं, ते गाळण-खड्ड्यातून विहिरीकडे वळवायचं. आणि वैशाखात विहीर उपसून गाळ काढायचा. त्याला पैसे लागतात. अभिषेकाची बोली लागते, आरतीची लागते, तशी एक बोली विहीर उपसण्याचीही लावावी असं मी महिला मंडळात सुचवलं आहे. दोघी-तिघी हसल्या. एका आजीबाईंनी मात्र विचारलं, ‘दोर कितीचा येतो गं आता? जुना कुजलाय.’