संकर-नोंद

संकर-नोंद : हाताने परागसिंचन करून घडवलेल्या संकराची ओळख फुलापासून रोपापर्यंत टिकवण्याची पद्धत. देठाला बांधलेली चिठ्ठी आणि वहीतील नोंद हे तिचे दोन भाग. कोवळ्या रोपाकडे नुसते पाहून त्याचा नर-पालक सांगता येत नाही. म्हणून बागेतल्या संकरकामात ब्रशाइतकेच महत्त्व पेन्सिलीला आहे.

मजकूर : चिठ्ठीवर आधी मादी-पालक, मग × हे चिन्ह, नंतर नर-पालक आणि परागसिंचनाची तारीख लिहितात. शाई पावसात पसरते, उन्हात उडते. पेन्सिलीचे अक्षर टिकते. दीर्घकाळासाठी ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर टोकाने दाबून अक्षरे उमटवतात.

बांधणी : जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवस टिकते. सकाळी परागकोश फुटण्याआधी ते चिमट्याने काढून टाकतात, नराचे पराग पाचही कुक्षींना लावतात आणि चिठ्ठी देठाला सैल बांधतात. पाकळ्या गळाल्यावरही तळाचा भाग हिरवा राहून फुगू लागला, तर फळ धरले असे समजावे. न धरलेले प्रयत्नही वहीत ठेवावेत. कोणती जोडी जुळत नाही हे त्यांवरूनच कळते. फळ पिकताना त्यावर जाळीची पिशवी चढवली, की फळ फुटले तरी बी चिठ्ठीसकट हाती लागते.

क्रमांक : वर्ष, संकर आणि रोप यांचे अंक जोडून प्रत्येक रोपाला स्वतंत्र क्रमांक देतात, उदा., २०२५-७-३. हा क्रमांक बियांच्या पाकिटावर, वाफ्यात व कुंडीवर तसाच पुढे जातो. त्याची गरज आंब्यात स्पष्ट दिसते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत नीलम × दशहरी या संकरातून ‘मल्लिका’ निघाला, तर दशहरी × नीलम यातून ठेंगण्या झाडाचा ‘आम्रपाली’. एकाच जोडीच्या कोयींतूनही रोपे निरनिराळी निघतात, त्यामुळे केवळ पालकांची नावे पुरत नाहीत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम × हापूस यातून ‘रत्ना’ (१९८१) आणि पुढे रत्ना × हापूस यातून अतिशय पातळ कोयीचा ‘सिंधू’ (१९९२) दिला. सिंधूची वंशावळ रत्नाच्या नोंदीवरच उभी आहे.

चिठ्ठी हरवल्यास : अंदाजाने नाव लिहू नये; वहीत ‘नर अज्ञात’ असेच नोंदवावे. असे रोप उत्तम निघाले, तर कलमाने किंवा छाटाने वाढवता येते. तोच संकर पुन्हा करून त्याची भावंडे मिळवण्याची वाट मात्र बंद होते.