आल्याची बाटली आणि मोहाचे फूल

१/ कॉकटेलमध्ये मिसळली जाणारी जिंजर बिअर आज बहुधा आल्याच्या स्वादाचे मद्यविरहित पेय असते. मूळची मात्र आले, साखर व पाणी आंबवून होई. म्हणून तिच्यात किंचित मद्यांश असे.

२/ हे आंबणे यीस्ट व जिवाणू यांच्या सहवासातून घडते, हे हॅरी मार्शल वॉर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये मांडले.

३/ त्याच वर्षी मुंबई सरकारने कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवर निर्बंध लादले. सफाळे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते.

४/ आंबण्याची क्रिया एकच. तिकडे ती अभ्यासाचा विषय झाली. इकडे अबकारी महसुलापायी आदिवासींच्या ताटातले फूलही संशयित ठरले.